चंदीगडात ठेवलेला परदेशी गडी

सांगलीच्या हळदबाजारात जाऊन बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, आबा, चंदीगड कसं आहे. तेच तेच सांगून जीभ दमली. आणि सांगताना मी मधला भाग गाळतो, हेही माझ्या ध्यानात आलं. वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, सगळं लिहून द्या, शुद्धलेखन मी बघतो. म्हणून लिहितोय. मी चौथी पास. चाळीस वर्षं हळदीच्या वखारीत हमालांचा मुकादम होतो. हातात ब्रश धरला तो पोत्यांवर मार्का काढायला. तेव्हा शोभेचं काही मिळणार नाही.

दत्ताची आई दिवाळीनंतर गेली. दत्ता माझा एकुलता मुलगा, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर चंदीगडला. सून सुनंदा तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. त्यांनी पाच वर्षं बोलावलं आणि पाच वर्षं मी म्हणालो, हंगाम झाला की जाऊ. तिनं तिथल्या थंडीसाठी लोकरीची शाल घेऊन ठेवली होती. ती घडी मोडली नाही.

शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ होतो. दिवसभर ती मला कुठं काय ठेवलंय ते सांगत होती. मीठ वरच्या फळीवर, तीळ काळ्या डब्यात, शाल ट्रंकेच्या तळाशी. मला राग आला, हे आत्ता कशाला सांगतेस म्हणून. नंतर ते सगळं उपयोगाला आलं.

अस्थी कृष्णेत सोडल्या. थोड्या गंगेसाठी ठेवल्या, तिची तशी इच्छा होती. तांब्याच्या लोट्यात घालून तोंडाला लाल फडकं बांधलं. तिच्या लग्नातल्या ट्रंकेत माझे कपडे भरले, दहा किलो जोंधळ्याचं पीठ घेतलं आणि ऐन हंगामात मिरजेहून दिल्लीची गाडी धरली. वखारीत कुणाचं काही अडलं नाही.

अंबाल्याच्या पुढं

दिल्लीपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिथून पुढं बस, तीही दिवसाची. अंधार पडल्यावर त्या बाजूला बस जात नव्हती. ते दिवस पंजाबात गोळीबाराचे होते. बस सुटायच्या आधी कंडक्टरनं सगळ्यांना आपापल्या सीटखाली वाकून बघायला लावलं. बेवारशी रेडिओ दिसला, डबा दिसला, तर हात लावायचा नाही. मग बस सुटली आणि दोन्हीकडं गहू सुरू झाला. नजर पोचेल तिथवर गहू, मध्ये बांध म्हणून दिसत नाही. आमच्याकडं एवढ्या जमिनीत भावकीची पन्नास भांडणं निघाली असती.

अंबाल्याच्या पुढं एका नाक्यावर सगळ्यांना उतरवलं. बस रिकामी पुढं गेली आणि आम्ही सामान घेऊन वाळूच्या पोत्यांमधून एकेक करून चालायचं. हवालदार उंच सरदार, दाढी निम्मी पिकलेली. त्यानं माझी ट्रंक उघडायला लावली. जोंधळ्याच्या पिठात काठी खुपसून बघितली. मग लोट्याकडं बोट केलं.

"ये क्या है?"

माझं हिंदी बाजारातलं. मी म्हणालो, "मेरी बायको है."

त्याला ते उमजलं नाही. त्यानं फडक्याच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात मागच्या माणसानं त्याला समजावलं की बाबांची घरवाली वारली, फुलं म्हणजे अस्थी गंगेला चालल्यात. हवालदारानं हात मागं घेतला, बंदूक पाठीवर सरकवली आणि लोट्याला हात जोडले.

"जाओ बाबाजी," तो म्हणाला. "माताजी को आराम से ले जाना."

माझ्याकडं ओळखीचा म्हणून एकही कागद नव्हता. मला कुणी मागितला नाही.

नंबरांचं गाव

चंदीगडात वस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. दत्ताचं सरकारी क्वार्टर ज्या नंबरात, त्यातली सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी. रस्ते सुतात आखलेले, झाडं ओळीत, चौक सगळे सारखे गोल. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आलो आणि भलत्याच घरात चप्पल काढून बसलो. आतून सरदारीणबाई आल्या, भला मोठा पेला भरून लस्सी दिली, मी ती संपवेपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, कुणाकडं आलात. आमच्याकडं आधी विचारतात. लस्सीचं मग बघतात.

एवढी चांगली माणसं, पण दिवेलागणीला सगळी दारं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दत्ताला ऑफिसातून यायला अर्धा तास उशीर झाला तरी सुनंदा फाटकापाशी उभी. नात पिंकी चार वर्षांची. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदी. माझा आबा झाला नाही, दादाजीच झालो.

अस्थी घरात न्यायच्या नसतात, म्हणून लोटा मागच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगला.

घरात माणसाची अडचण होती. पिंकीला सांभाळणारी बाई भीतीनं आपल्या गावी निघून गेली होती. सुनंदाला इस्पितळातून सुट्टी नाही. दत्ता म्हणाला, आबा, तुम्ही जन्मभर माणसं ठेवलीत, आता इथं पण तुम्हीच बघा. दत्ताची आई गेल्यापासून मला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू.

तिथं घरकामाला नेपाळची माणसं मिळतात. त्या वस्तीचा चौकीदारही नेपाळी, तो आपल्या मुलखातली माणसं आणून उभी करतो. त्यानं तिघांना आणलं. वखारीत नवा गडी ठेवताना मी त्याला रिकामं पोतं द्यायचो आणि म्हणायचो, घडी घाल. उचलतो किती ते सगळेच दाखवतात, घडीत माणूस कळतो. इथं मी पिठाचं रिकामं पोतं दिलं. पहिल्या दोघांनी गुंडाळून ठेवलं. तिसरा पन्नाशीचा, बुटका, कानावर केस पांढरे. त्यानं पोतं उलटं केलं, अंगणात नेऊन झटकलं, सुलटं केलं, कोपऱ्याला कोपरा लावला. मी म्हटलं, हा.

नेपाळ हा वेगळा देश आहे हे दत्तानं सांगेपर्यंत माझ्या डोक्यात नव्हतं. मग मी पिंकीला ऐटीत सांगितलं, तुझ्या आजोबानं परदेशी गडी ठेवला.

"दादाजी, वो तो बहादूर अंकल हैं," ती म्हणाली.

तिथं प्रत्येक नेपाळी माणसाला बहादूरच म्हणतात. मीही म्हणायला लागलो.

आता जे गाळत आलो ते. बाहेरगावचा गडी ठेवला की त्याचं रेशनकार्ड माझ्या ट्रंकेत, हंगाम संपेपर्यंत. चाळीस वर्षांची रीत. गडी मधेच पळू नये म्हणून, दुसरं कारण नाही. मी बहादूरकडं कागद मागितला. त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. नेपाळ सरकारचा, वर त्याचा फोटो, खाली शिक्का, आणि अक्षरं आपलीच, बाळबोध. चंदीगडात मला नीट वाचता येईल असं फारसं काही नव्हतं, बऱ्याच पाट्या गुरुमुखीत नाहीतर इंग्रजीत. हा कागद मला वाचता आला असता. मी वाचला नाही. फोटो बघितला आणि घडी घातली.

तो म्हणाला, "बाबूजी, आजकल पुलिस बहुत पूछती है. मेरे पास रहने दो."

मी म्हणालो, तू घरात राहणार, पोलीस घरात कशाला येतात.

सुनंदा मला मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा, त्याचा कागद त्याला असू दे. दिवस बरे नाहीत."

"तू तुझं इस्पितळ बघ," मी म्हणालो. "माणसं मला ठेवता येतात."

कागद मी शालीच्या घडीत ठेवला, ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

भाकरी

माणूस चांगला होता. सकाळी उठला की पहिल्यांदा पेरूच्या झाडाखाली जाऊन लोट्याला हात जोडायचा, मग चूल. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. सुनंदा राजमा करते, कढी करते, सगळं चांगलं, पण माझं पोट भाकरीवाचून भरत नाही. तिला थापता येत नाही, आणि मला तर काहीच येत नाही. बहादूरनं पीठ हातात घेऊन वास घेतला, गरम पाण्यात मळलं आणि तळहातावर थापायला लागला. त्यांच्या डोंगरात नाचणीसारखं धान्य पिकतं, त्याची अशीच करतात म्हणे. जाड झाली, कडेला चिरली, एका बाजूला करपली. दिवाळीनंतर मी पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी पिंकी झोपली की आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. त्याची बायको गावी, पोटात गाठ. सुनंदानं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, तिला इथं घेऊन ये, मी खाट मिळवून देते. तो म्हणायचा, डोंगरातली थंडी सरली की आणतो. शेवटच्या बसपासून दोन दिवस चालत जायचं त्याचं गाव. मी त्याला दत्ताच्या आईचं सांगायचो. त्याला मराठी येत नव्हतं, मला त्याची भाषा येत नव्हती. तरी बोलणं व्हायचं.

हरिद्वार

सोमवारी मी एकटाच हरिद्वारला निघालो. दत्ताला रजा नव्हती. लोटा झाडावरून बहादूरनंच उतरवून दिला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत परत येतो असं सांगून निघालो होतो.

हरिद्वारचं पाणी एवढं थंड की पायाची बोटं आपली वाटेनात. धार अशी जोराची की लोखंडी साखळी धरून बुडी मारायची. आमची कृष्णा म्हशीसारखी सावकाश चालते, ही म्हणजे बिथरलेलं खोंड. पंड्यानं गोत्र विचारलं, गाव विचारलं, मग बाईचं नाव. मी थांबलो. चाळीस-बेचाळीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं म्हणालो, नाहीतर दत्ताची आई. पंडा म्हणाला, नाम बोलो बाबा, पीछे लाइन है. मी म्हणालो, हौसा. आणि लोटा उलटा केला.

मंगळवारी दुपारची बस होती. मी गेलो नाही. घाटावर बसावंसं वाटलं. पुरी-भाजी खाल्ली, आरती बघितली, धर्मशाळेत झोपलो. बुधवारीही तेच. मला तिथं बरं वाटत होतं, एवढंच. कुणी अडवलं नव्हतं. गुरुवारी निघालो, अंबाल्याला दिवस मावळला, तिथंच मुक्काम केला. शुक्रवारी सकाळी पुढची बस धरली.

तोच नाका आला. पुन्हा उतरलो, रांगेतून चाललो. हातात रिकामा लोटा. डाव्या हाताला चौकीचा ओटा होता, त्यावर तिघं-चौघं गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, भिंतीकडं तोंड करून. मी बघितलं, पण काही मनात आलं नाही. पाठमोरी माणसं सगळी सारखीच. पुढं जाऊन बसमध्ये बसलो.

चौकी

दत्ता दारातच होता. दाढी वाढलेली, हातात हातोडा.

"आबा, किल्ली द्या," तो म्हणाला.

मला काही कळेना. मग सुनंदानं सांगितलं. मी सोमवारी गेलो आणि दुपारी बहादूरच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. बायकोचं पोट फुगलंय, अन्न जात नाही, लवकर ये. सुनंदानं इस्पितळात बोलून तिच्यासाठी खाट ठरवली. मंगळवारी पहाटे तो निघाला. कागद नव्हता, म्हणून सुनंदानं एक चिठ्ठी लिहून दिली, की हा आमच्या घरी कामाला आहे. आदल्या दिवशी त्या रस्त्यावर कुठं तरी गोळीबार झाला होता. नाक्यावर त्याला उतरवलं. परका माणूस, कागद नाही, चिठ्ठी कुणीही लिहील. बसवून घेतला. बुधवारी संध्याकाळी एका शिपायानं शेजारी निरोप पोचवला. गुरुवारी दत्ता ऑफिसचं ओळखपत्र घेऊन गेला तर ते म्हणाले, तुमचा नको, त्याचा कागद आणा.

"कुलूप फोडायचं होतंस," मी दत्ताला म्हणालो.

त्यानं हातोडा खाली ठेवला. "आईची ट्रंक आहे, आबा. रात्रभर घेऊन बसलो. म्हटलं तुम्ही मंगळवारचे येणार होता, आज तरी याल."

मी किल्ली काढली. शालीच्या घडीतून कागद घेतला आणि दत्ताच्या स्कूटरवर बसलो.

चौकीत तोच सरदार हवालदार. त्यानं मला ओळखलं, हात जोडले, माताजींचं झालं का सगळं, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यानं विचारलं, कुणाला सोडवायला आलात, नाव काय.

"बहादूर," मी म्हणालो.

"बहादूर तो यहाँ तीन बैठे हैं, बाबाजी."

मी कागद उघडला. तेव्हा पहिल्यांदा वाचला, बोट ठेवून. करबीर बोहरा. करवीर म्हणजे आमचं कोल्हापूर, असं काही तरी मनात येऊन गेलं. त्याखाली बापाचं नाव, गावाचं नाव. त्याखाली, पत्नी धौली. एवढे दिवस ती बाई हौसाच्या शालीत घडी होऊन पडली होती आणि मी किल्ली कमरेला बांधून गंगेला जाऊन आलो.

हवालदारानं कागद बघितला, फोटो बघितला, रजिस्टरवर काही लिहिलं. वाईट माणूस नव्हता. त्यानं कुणावर हात उचलला नव्हता, तिघांना रोज जेवायलाही घातलं होतं. कागद माझ्या हातात परत देताना म्हणाला, "बाबाजी, कागज आदमी के पास होना चाहिए. ट्रंक को कौन रोकता है?"

करबीर बाहेर आला. तीन दिवस बसून त्याचे गुडघे आखडले होते. मी कागद पुढं केला. मला वाटलं आता शिव्या घालेल. घालायला पाहिजे होत्या. त्यानं कागद आतल्या खिशात ठेवला, वरून हात फिरवून बघितला आणि विचारलं, "बाबूजी, बस कितने बजे है?"

दत्तानं रस्त्यावरच बस थांबवली. पायरीवर चढताना करबीर वळला. मला वाटलं आता बोलतो.

"भाकरी का आटा ऊपर वाले डब्बे में है," तो म्हणाला. "नीचे वाला गेहूँ का है."

बस गेली. मग मला सुचलं की शाल त्याच्या बायकोला द्यायला पाहिजे होती. ट्रंक उघडली तेव्हा ती माझ्या हातात होती.

निघण्यापूर्वी

सुनंदानं ती खाट आठवडाभर राखून ठेवली. मग दुसऱ्याला द्यावी लागली. महिन्यानं चौकीदाराकडं करबीरचं पत्र आलं, त्यानं ते आमच्याकडं आणून वाचलं. त्यात त्यानं एवढंच लिहिलं होतं, मी गावी पोचलो त्याच्या दोन दिवस आधी ती गेली. खाली सगळ्यांना नमस्कार, बच्चीला प्यार.

सुनंदा मला म्हणाली, "मामा, गाठ फार वाढली असणार. इथं आणली असती तरी वाचली असती असं नाही."

ती माझ्या बऱ्यासाठी बोलत होती. मला डॉक्टरीतलं कळत नाही. पण चौकीतल्या तीन दिवसांतून दोन गेले की एक उरतो, एवढं कळतं. त्याला एक दिवस मिळाला असता. तो दिवस काय असतो ते मला ठाऊक आहे. मीठ कुठं, तीळ कुठं, शाल कुठं.

मी परत निघायच्या आधी घरात माणूस लागणारच होता. दत्ता म्हणाला, आबा, तुम्हीच बघा. मी नको म्हणालो. शेवटी चौकीदारच एकाला घेऊन आला. चाळिशीचा, पायात तुटकी चप्पल, अंगणात उभा. मी पोतं दिलं नाही, काही विचारलं नाही. त्यानंच आतल्या खिशात हात घातला, कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. त्याला आधीच सांगून ठेवलेलं असणार, इथले बाबूजी कागद ठेवून घेतात.

मी कागद घेतला. उघडून सगळा वाचला, नाव, बाप, गाव, बायको. मग घडी घालून त्याला परत दिला.

त्यानं कागदाकडं बघितलं, मग चौकीदाराकडं. तोंड उतरलं. घेईना.

"बाबूजी, काम नहीं देंगे?" तो म्हणाला.

मी उठलो, कागद त्याच्या बंडीच्या खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि त्याचा हात धरून त्याला चुलीपाशी नेऊन उभा केला. वरच्या डब्यात मूठभर पीठ उरलं होतं. ते त्याला दाखवलं.